घरं किती, चुली किती

वाईतला एक जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दिंडी दरवाजा एक, चौक एक, देवघर एक. तळमजल्यावर आजी-आजोबा, थोरला मुलगा, सून आणि दोन नातवंडं राहतात. माजघराच्या पलीकडच्या दोन खोल्यांत मधला मुलगा, त्याची बायको आणि मुलगी. त्यांचा गॅस काही वर्षांपूर्वी वेगळा झाला. धाकटा पुण्यात नोकरीला आहे. शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जातो. माडीवर जिन्याकडे दार उघडणाऱ्या खोलीत कॉलेजची तीन मुलं भाड्याने राहतात. त्यातले दोघं मिळून स्वयंपाक करतात, तिसरा खानावळीत जेवतो. शिवाय आजींची बहीण डोळ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर विश्रांतीसाठी कोल्हापूरहून आलेली आहे.

या वाड्यात कुटुंबं किती? आजींना विचाराल तर एकच. मधल्या सुनेला विचाराल तर दोन. रेशनकार्डं मांडून बसलात तर आणखी वेगळा आकडा निघेल, आणि सातबाऱ्यावर कदाचित अजून आजोबांचंच नाव असेल. जनगणनेच्या हिशोबात मात्र या वाड्यात चार कुटुंबं आहेत. आजीची बहीण त्यातल्या पहिल्या कुटुंबात धरली जाईल आणि पोटचा धाकटा मुलगा कशातच धरला जाणार नाही.

हे उत्तर ऐकून आजी रागावतील, पण त्यामागचे नियम सरळ आहेत. देशात शौचालयं किती घरांत आहेत, पाणी किती लांबून आणावं लागतं, एकत्र कुटुंबं टिकली की मोडली, अशा प्रत्येक चर्चेत 'इतके टक्के कुटुंबं' हे शब्द येतात. ते टक्के कशाचे, हे समजून घ्यायचं तर हे नियम माहीत असायला हवेत.

आधी दार

भारतातली जनगणना दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात घरांची यादी होते, दुसऱ्यात माणसांची मोजणी. २०११ च्या जनगणनेत घरयादीचं काम एप्रिल ते सप्टेंबर २०१० मध्ये झालं आणि माणसं मोजली गेली ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात. काम करणारा प्रगणक बहुधा शाळेतला शिक्षक असतो. त्याच्या वाट्याला साधारण सहाशे ते आठशे लोकवस्तीचा एक गट येतो. त्या गटाचा नजरी नकाशा काढून तो एकेका इमारतीला क्रमांक देत जातो.

इमारत ठरवणं सोपं असतं, कारण ती जमिनीवर उभी दिसते. त्यानंतरची पायरी म्हणजे 'जनगणना घर'. रस्ता, सामाईक अंगण, जिना किंवा व्हरांडा यांच्याकडे उघडणारं स्वतंत्र मुख्य दार असलेली आणि वेगळी म्हणून वापरली जाणारी इमारत किंवा इमारतीचा भाग, एवढीच त्याची व्याख्या. चाळीतली प्रत्येक खोली असं घर असते, सोसायटीतला प्रत्येक फ्लॅटही. यात माणूस राहतो की नाही, हे इथे पाहत नाहीत. कोपऱ्यावरचं किराणा दुकान, पिठाची गिरणी, देऊळ, शाळा, गोदाम हीदेखील जनगणना घरंच. कोकणातलं गणपती-शिमग्यापुरतं उघडणारं घरही जनगणना घर म्हणून नोंदलं जातं. त्यात नेहमी राहणारं कुटुंब नसतं, इतकंच. २०११ च्या वेळी देशात अशी सुमारे ३३ कोटी घरं निघाली आणि त्यातली जवळपास अडीच कोटी रिकामी होती. म्हणून 'देशात घरं किती' आणि 'कुटुंबं किती' हे दोन प्रश्न कधीही एकमेकांच्या जागी ठेवू नयेत.

वाईच्या वाड्यात माडीवरच्या खोलीला जिन्याकडे उघडणारं स्वतःचं दार आहे, म्हणून ती वेगळं जनगणना घर झाली. तळमजल्यावरच्या दोघा भावांचं येणं-जाणं एकाच दारातून होतं, म्हणून तिथे घर एकच. तरीही त्या एका घरात कुटुंबं दोन आहेत. दाराने घर ठरलं. कुटुंब ठरवायला प्रगणकाला स्वयंपाकघरापर्यंत जावं लागतं.

मग चूल

जनगणनेच्या भाषेत कुटुंब म्हणजे नेहमी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं अन्न खाणारी माणसं. ही व्याख्या थोड्याफार फरकाने अनेक जनगणनांत चालत आली आहे. तिच्यात नात्याचा उल्लेख नाही. एका चुलीवर जेवणारी माणसं एकमेकांची कुणीच नसली तरी ती एक कुटुंब होतात, आणि सख्खे भाऊ एका छपराखाली राहूनही दोन चुलींवर जेवत असले तर ती दोन कुटुंबं होतात. या लेखात पुढे 'कुटुंब' हा शब्द याच अर्थाने वापरला आहे. रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्याने बांधलेल्या माणसांबद्दल बोलायचं असेल तिथे 'नातेकुटुंब' म्हटलं आहे.

व्याख्येला एक महत्त्वाची पुरवणी आहे. कामाच्या निकडीमुळे कुणाला घरी जेवता येत नसेल, तर त्याचं कुटुंबातलं स्थान जात नाही. मुक्कामी गाडीवर असलेला एसटीचा वाहक, रात्रपाळीची परिचारिका, दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवणारा कामगार ही सगळी आपापल्या घरच्या चुलीचीच माणसं. ही पुरवणी नसती तर निम्म्या शहरी भारताची कुटुंबं रोज दुपारी मोडली असती.

आता माडीवरची मुलं पाहू. दोघं मिळून शिजवतात, म्हणून त्या दोघांचं एक कुटुंब. तिसरा त्याच खोलीत झोपतो, त्याच नळावर आंघोळ करतो, पण त्याचं जेवण खानावळीत. एका घरात राहणारी, नात्याने न बांधलेली माणसं एका स्वयंपाकघरातलं जेवत नसतील, तर त्यांतला प्रत्येक जण स्वतंत्र कुटुंब धरायचा, असा नियम आहे. म्हणून तिसऱ्या मुलाचं कुटुंब एका माणसाचं. उलट एखाद्या घरात कायम राहणारा आणि त्याच स्वयंपाकघरात जेवणारा गडी किंवा मोलकरीण त्या घरच्या कुटुंबातच मोजली जाते. इथे बरीच घरं चुकतात. प्रगणक 'घरात किती जण?' विचारतो, तेव्हा चोवीस तास घरात राबणारी मुलगी सांगायची राहून जाते. ती तिच्या गावीही नोंदली जात नाही, कारण तिथे ती राहतच नाही. मोजणीतून माणूस निसटतो तो असा.

मुंबईच्या गिरणगावात या नियमाने काय चित्र दिसलं असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार गावकीच्या खोल्यांत दाटीने राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. जेवण मात्र ज्याच्या त्याच्या खानावळीत. ती जेवणं रांधणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. चुलीचा नियम तंतोतंत लावला, तर अशा एका खोलीत जितकी माणसं तितकी कुटुंबं निघतात. त्याच खोलीतल्या माणसांनी वर्गणी काढून, स्वयंपाकी ठेवून एकत्र जेवण केलं, तर तीच सगळी मिळून एक कुटुंब. खोली तीच, माणसं तीच. सरासरी कुटुंबाचा आकार मात्र एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो.

एकच फ्लॅट, तीन देश

चूल हाच निकष का? जगभर याला दोन प्रमुख उत्तरं आहेत. एक पद्धत म्हणते, एका निवासात राहणारी सगळी माणसं म्हणजे एक कुटुंब. दार मोजा आणि पुढे चला. दुसरी पद्धत अन्न आणि जगण्याच्या इतर गरजांची सोय कोण कोण मिळून करतं, ते पाहते. संयुक्त राष्ट्रांच्या जनगणनेविषयीच्या शिफारशींत या दोन्ही पद्धतींना जागा आहे. त्यांत एक गोष्ट स्पष्ट केलेली आहे: एका कुटुंबात अनेक नातेकुटुंबं असू शकतात, पण एक नातेकुटुंब मोजणीसाठी दोन कुटुंबांत पसरू शकत नाही. वेगळ्या चुलीवर गेलेला मुलगा मनाने कितीही जवळ असला, तरी मोजणीत तो वेगळाच.

अमेरिकेने पहिली पद्धत घेतली. एका निवासात राहणारे सगळे मिळून एक कुटुंब. त्यातला जो घरमालक किंवा भाडेकरू म्हणून मुख्य असेल, त्याच्याशी किमान एकाचं रक्ताचं, लग्नाचं किंवा दत्तकाचं नातं असेल तर ते नातेकुटुंब. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेत वेगळीच जोड होती: एकाच पत्त्यावर राहणाऱ्यांची स्वयंपाकाची सोय सामाईक असावी आणि बसायची किंवा जेवायची खोलीही सामाईक असावी.

हिंजवडीजवळच्या एका फ्लॅटमध्ये तीन मित्र राहतात आणि तिघंही वेगवेगळे डबे लावतात, असं समजा. भारताच्या नियमाने ही तीन कुटुंबं. हेच तिघं न्यू जर्सीत असते तर एक कुटुंब, फक्त नात्याचं नसलेलं. लंडनमध्ये असते आणि ओटा व हॉल सामाईक असता, तर तिथेही एकच. त्यामुळे कुणी वेगवेगळ्या देशांतली कुटुंबाची सरासरी शेजारी शेजारी मांडून 'भारतीय माणूस इतका एकत्र राहतो' असं म्हणू लागलं, तर आधी प्रत्येक देशाने मोजलं काय, ते विचारावं.

माझ्या मते आपल्याकडे चुलीचा निकष योग्यच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या गणनांमध्ये घर ठरवताना रस्त्याकडच्या मुख्य दारावर बराच भर होता. वाडे, चाळी आणि एका कुंपणातल्या चार झोपड्या असलेल्या देशात केवळ दारावरून फार थोडं कळतं. एका दारामागे दोन स्वतंत्र संसार असतात आणि दोन दारांमागे एकच. धान्य कुणाचं किती, सरपण कुठून येतं, पाणी कोण आणतं, हे सगळं चुलीपाशी येऊन मिळतं. ज्यांचं पोट एकत्र भरतं त्यांची गरिबीही एकत्र असते, आणि सरकारला मोजायची असते ती हीच.

मोजायचा क्षण

दुसरा कठीण प्रश्न आहे 'कधी?' माणूस एका जागी थांबत नाही. सकाळी कुर्ल्यात, दुपारी ठाण्यात, दिवाळीत गावी. त्याला एकदाच मोजायचं, आणि मोजायचं राहूही द्यायचं नाही.

१९३१ पर्यंत भारतात एका रात्रीत मोजणी करायचा प्रयत्न होई. जो जिथे सापडेल तिथे त्याची नोंद. त्यासाठी एकाच रात्री प्रचंड मनुष्यबळ लागे. १९४१ पासून मोजणी अनेक दिवसांत पसरली, पण संदर्भाचा क्षण एकच ठेवला. २०११ मध्ये तो होता १ मार्चची मध्यरात्र, म्हणजे २८ फेब्रुवारी संपून १ मार्च सुरू होतानाचा ठोका. बर्फाच्छादित प्रदेशांसाठी तो आधीचा, १ ऑक्टोबर २०१० चा होता.

वीस दिवस चालणारी मोजणी एका क्षणाची कशी? किराणा दुकानातली वर्षाअखेरची मोजदाद आठवा. चार दिवस पोती मोजली जातात, दुकानही चालू असतं. मोजून झालेल्या पोत्यातून नंतर विकलेला माल वजा करतात, नवा आलेला मिळवतात आणि शेवटच्या दिवसाची शिल्लक वहीत चढवतात. जनगणनेतही १ ते ५ मार्च २०११ या काळात प्रगणक पुन्हा दारोदार गेले. पहिल्या भेटीनंतर आणि १ मार्चच्या मध्यरात्रीपूर्वी जन्मलेलं बाळ मिळवलं, त्या काळात गेलेला माणूस वजा केला. २८ फेब्रुवारीच्या रात्री अकराला जन्मलेलं मूल मोजणीत आलं. तासा-दोन तासांनी, म्हणजे १ मार्चला जन्मलेलं आलं नाही. बारा वाजून गेल्यावर प्राण सोडलेले आजोबा मात्र जिवंत म्हणून नोंदले गेले.

कुठे मोजायचं, याचा नियम असा: जो नेहमी जिथे राहतो आणि मोजणीच्या त्या वीस दिवसांत कधी ना कधी तिथे असतो, तो तिथलाच. जो त्या पूर्ण काळात आपल्या घरापासून दूर आहे, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. वाईतल्या आजींच्या बहिणीचा महिनाभराचा मुक्काम मोजणीचे सगळे दिवस व्यापतो, म्हणून ती वाईत. धाकट्याचं नेहमीचं राहणं पुण्यात आणि तो आठवड्यातल्या पाच रात्री तिथेच असतो, म्हणून तो पुण्यात. परदेशात असलेला माणूस त्या काळात देशातच नसतो, म्हणून तो मोजलाच जात नाही.

मराठवाड्याच्या संदर्भात हा नियम फार मोठा फरक करतो. फेब्रुवारीत ऊसतोडीचा हंगाम जोरात असतो. बीडच्या कितीतरी गावांतली नवरा-बायकोची जोडी, जिला त्या कामात 'कोयता' म्हणतात, मुकादमाच्या टोळीबरोबर सांगली-कोल्हापूरच्या, नाहीतर थेट कर्नाटकातल्या फडावर असते. कारखान्याजवळ पाचटाची कोपी, कोपीपुढे तीन दगडांची चूल. चूल वेगळी, मुक्काम सलग, म्हणून मोजणीत ते तिथलं एक कुटुंब. गावाकडे म्हातारे आईवडील आणि शाळेत जाणारी मुलं राहिली, ते दुसरं कुटुंब. पावसाळ्यात हीच माणसं एका चुलीवर जेवतात. गणना जूनमध्ये झाली असती तर गावात कुटुंबं कमी आणि मोठी दिसली असती. फेब्रुवारीत झाली म्हणून ती जास्त आणि लहान दिसतात, आणि गावाची लोकसंख्याही घटलेली दिसते. त्या आकड्यांवर गावाची पाणी योजना किंवा शाळेच्या खोल्या ठरवायच्या असतील, तर ठरवणाऱ्याने मोजणीचा महिना लक्षात ठेवलाच पाहिजे. आश्रमशाळांतल्या मुलांचंही तसंच: फेब्रुवारीत शाळा चालू असते, मुलं वसतिगृहात मोजली जातात आणि पाड्यावरची कुटुंबं आहेत त्याहून लहान दिसतात.

वसतिगृह, तुरुंग, फलाट

वसतिगृह, तुरुंग, अनाथालय, आश्रम, वृद्धाश्रम इथे नातं नसलेली माणसं संस्थेच्या एका स्वयंपाकघरात जेवतात. त्यांना 'संस्थात्मक कुटुंब' म्हणतात. वसतिगृहाचे अधीक्षक आवारातच बायको-मुलांसह वेगळं शिजवून राहत असतील, तर ते मात्र साधं कुटुंब. राष्ट्रीय नमुना पाहणी इथे उलटी वागली आहे: तिच्या नियमात वसतिगृहातला प्रत्येक विद्यार्थी एका माणसाचं कुटुंब धरला गेला. दोन्ही सरकारीच, दोन्ही आपापल्या कामापुरते बरोबर. पाहणीला प्रत्येकाचा खर्च मोजायचा असतो, जनगणनेला माथी.

ज्यांना दारच नाही त्यांचं काय? पदपथ, उड्डाणपुलाखालची जागा, मोठे सिमेंटचे पाइप, रेल्वेचे फलाट, देवळाचा मंडप अशा ठिकाणी राहणाऱ्यांची 'बेघर कुटुंबं' म्हणून वेगळी मोजणी होते, आणि तीही एकाच रात्रीत. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. १९३१ ची जुनी पद्धत इथे अजून जिवंत आहे, कारण ज्याचा पत्ता नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाता येत नाही. त्या रात्री देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर माणसं मोजली गेली. ही मोजणी सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत महत्त्वाची आहे असं मला वाटतं. तिथे सुटलेला माणूस दुसऱ्या कुठल्याही यादीत सापडण्याची शक्यता फार थोडी.

पहिल्या ओळीत कुणाचं नाव

कुटुंब ठरल्यावर प्रगणक पहिल्या ओळीत कुटुंबप्रमुखाचं नाव लिहितो आणि पुढे प्रत्येकाचं प्रमुखाशी असलेलं नातं. प्रमुख म्हणजे घरातला सर्वांत मोठा पुरुष किंवा कमावता माणूसच असावा, असं बंधन नाही. घर ज्याला प्रमुख मानतं तो प्रमुख, मग ती बाई असो वा तरुण मुलगा. नवरा आखातात किंवा जहाजावर असेल आणि मोजणीच्या काळात येणार नसेल, तर कारभार पाहणारी बायकोच प्रमुख. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात अशी घरं पुष्कळ आहेत. तरी दारात उभ्या प्रगणकाला बाई सवयीने नवऱ्याचंच नाव सांगते. २०११ मध्ये स्त्री-प्रमुख कुटुंबं सुमारे ११ टक्के निघाली. प्रत्यक्षात ज्या घरांचा कारभार बाया ओढतात, त्यांची संख्या याहून बरीच मोठी असावी, असंच मला वाटतं.

नाव सांगण्याच्या बाबतीत कायद्याने जुन्या रीतीचाही मान ठेवला आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार रूढीमुळे नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईला ते सांगण्याची सक्ती करता येत नाही.

प्रमुख बदलला की सगळ्या नात्यांची नावं बदलतात. आजी प्रमुख असतील तर मुलगा, सून, नातू. मुलगा प्रमुख असेल तर आई, पत्नी, मुलगा. माणसं तीच. संशोधक याच रकान्यातून नातेकुटुंब परत उभं करतात: फक्त पती-पत्नी व अविवाहित मुलं असतील तर विभक्त, दोन विवाहित भाऊ असतील तर एकत्र. त्यातही खाचखळगे आहेत. दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडं असतील, तर कुठलं नातवंड कुणाचं हे नात्याच्या रकान्यावरून कळत नाही. फार तर लिहिण्याच्या क्रमावरून अंदाज बांधता येतो.

---

चौकट : प्रगणक कसा ठरवतो?

इमारत – जमिनीवर वेगळी उभी असलेली वास्तू.
जनगणना घर – रस्ता, अंगण किंवा जिन्याकडे स्वतंत्र मुख्य दार असलेला भाग. राहता, रिकामा किंवा दुकानाचाही.
साधं कुटुंब – नेहमी एकत्र राहून एका स्वयंपाकघरातलं खाणारी माणसं. नातं असो वा नसो.
संस्थात्मक कुटुंब – वसतिगृह, तुरुंग, आश्रम यांसारख्या संस्थेत एकत्र जेवणारी, नात्यात नसलेली माणसं.
बेघर कुटुंब – उघड्यावर राहणारी. एका ठरलेल्या रात्री मोजली जाणारी.

---

एकत्र कुटुंब मोडलं का?

२००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या सुमारे साडेसतरा टक्क्यांनी वाढली. कुटुंबं मात्र १९.२ कोटींवरून २४.७ कोटींवर, म्हणजे २८ टक्क्यांहून जास्त वाढली. माणसांपेक्षा चुली वेगाने वाढल्या. २०११ मध्ये दहांपैकी सुमारे सात कुटुंबांत एकच विवाहित जोडपं होतं. हे आकडे आले की 'एकत्र कुटुंब संपलं' असे मथळे येतात.

इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तिच्यात नात्याबरोबर चार गोष्टी होत्या: एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि सामाईक देवधर्म. जनगणना त्यातल्या पहिल्या दोन पाहते. मालमत्ता तिच्या कक्षेत नाही, देव नाहीत, लग्नकार्याला कोण पैसे काढतं तेही नाही. वाईच्या वाड्यातल्या भावांचं शेत एकत्र आहे, कुळाचार एकत्र आहे, आजारपणात एकमेकांसाठी धावतात. जनगणनेत मात्र ती दोन वेगळी कुटुंबं आहेत. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी १९७३ मध्ये 'द हाउसहोल्ड डायमेन्शन ऑफ द फॅमिली इन इंडिया' या पुस्तकात एकत्र राहणं आणि नात्याने बांधलेलं असणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहायला हव्यात, असा आग्रह धरला. मथळे लिहिणाऱ्यांनी तो अजून मनावर घेतलेला नाही.

दुसरी बाजू काळाची. लग्न होऊन आलेली मुलगी सासू-सासऱ्यांबरोबर राहते, काही वर्षांनी दिरांच्या चुली वेगळ्या होतात, पुढे तिचा मुलगा सून घेऊन येतो. एकाच बाईच्या आयुष्यात घर एकत्र, विभक्त आणि पुन्हा एकत्र होतं. जनगणना दहा वर्षांतून एकदा येते आणि त्या दिवशी जे दिसेल ते लिहून घेते. ज्या क्षणी बहुतेक घरं विभक्त दिसतात, त्याच समाजात आयुष्याचा बराच काळ एकत्र घरात काढलेली माणसं असंख्य असू शकतात. आयुर्मान वाढल्याने आजी-आजोबा जास्त वर्षं सोबत असतात, हाही भाग आहेच.

म्हणजे काहीच बदललं नाही, असं नाही. चुली खरोखर वाढल्या आहेत. शहरात जागा लहान झाल्या, नोकऱ्या लांब गेल्या, स्वतःचा गॅस घेणं सोपं झालं. जनगणना हा बदल चोख टिपते. तिच्याकडून भावकीतल्या मायेचा किंवा वैराचा हिशोब मागणं मात्र चूक.

चुलीला किंमत येते तेव्हा

कुटुंबाची व्याख्या योजनांत शिरली की तिचा थेट पैशाशी संबंध येतो. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढाला काम मागण्याचा हक्क दिला होता. २००५ च्या केंद्रीय कायद्यात हमी कुटुंबाला मिळाली, वर्षाला १०० दिवसांची. तिथे कुटुंब म्हणजे रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकाने नात्यात असलेली, नेहमी एकत्र राहणारी आणि एकत्र जेवणारी किंवा एका रेशनकार्डावरची माणसं. त्या कायद्यानुसार दोन भाऊ एका कार्डावर असले तर दोघांत १०० दिवस मिळत, वेगळे झाले तर प्रत्येकी १००. मग गावात कार्डं वेगळी करण्याची रांग लागली तर दोष कुणाला द्यायचा? मला व्यक्तीला हक्क देणारी जुनी तरतूद न्याय्य वाटते. तिच्यात सुनेचा हक्क सासऱ्याच्या कार्डात अडकत नव्हता.

जनगणनेत दोन चुली सांगितल्या म्हणून कुणाला जमिनीची वाटणी मागता येत नाही, आणि एक सांगितली म्हणून कुणाचा हिस्सा जात नाही. १९४८ च्या कायद्याने वैयक्तिक नोंदी गोपनीय आहेत. दिवाणी दाव्यात त्या पुरावा म्हणून चालत नाहीत. त्यामुळे खरं सांगायला भीती नसावी. तरीही माणसं सुटतात: २०११ नंतर केलेल्या पडताळणी पाहणीत दर हजारी २३ जण मोजणीतून राहून गेल्याचं निघालं.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. पुढच्या जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र ठरला आहे. ती मोबाइलवर होणार आहे आणि स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोयही आहे. फॉर्म स्वतः भरताना समोर प्रगणक नसेल, 'चूल एक की दोन' हे विचारायला कुणी नसेल. तेव्हा घरातल्या माणसांची यादी करताना तीन जणांची आधी आठवण करावी: राहून काम करणारी मदतनीस, खानावळीत जेवणारा भाडेकरू आणि पाळण्यातलं बाळ. मोजणीतून सगळ्यांत सहज निसटतात ती हीच माणसं.